दिवा लागला म्हणजे पंखा फिरतोच असे नाही

घरच्या घरी अंडी उबवण्याची पेटी आता बऱ्याच गावांत दिसू लागली आहे. थर्माकोलचा किंवा प्लायवूडचा खोका, आत एक-दोन बल्ब, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट आणि हवा खेळती ठेवायला जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात, पेटीत पन्नाससुद्धा राहतात.

संगणकाचे शौकीन या पंख्याच्या चौकटीत शोभेसाठी रंगीत एलईडी दिवे बसवतात. आपण तेच कामासाठी करू शकतो. पेटीत उजेड पडतो आणि वीज आहे की गेली, ते लांबूनच कळते. मात्र त्यात एक फसगत आहे. ती मला नुकसान झाल्यावर कळली.

मागच्या हिवाळ्यात बचत गटातील एका ताईंच्या पेटीतल्या पंख्याला मीच एलईडी जोडून दिला. "ताई, दिवा दिसला की पंखा चालू समजा," असेही सांगून आलो. सतराव्या दिवशी रात्री पंखा अडकला. आधीच्या खेपेच्या पिल्लांची लव आणि धूळ त्यात बसली होती. बल्बजवळची अंडी तापली, कोपऱ्यातली गार पडली. ४८ अंड्यांतून ९ पिल्ले निघाली. ताई एवढेच म्हणाल्या, "साहेब, दिवा तर लागलेला होता की!" त्यांचे काही चुकले नव्हते. चूक माझ्या सांगण्यात होती.

असे का झाले? एलईडी पंख्याच्या तारांना जोडला तरी तो आपली वीज थेट अ‍ॅडॉप्टरकडून घेतो. पंखा जाम झाला तरी दिवा तसाच जळत राहतो. म्हणजे दिवा सांगतो ती वीज आल्याची खबर. वारा वाहतोय की नाही, हे तो सांगत नाही.

पेटीत वाऱ्याला फार महत्त्व आहे. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस साधारण ३७.५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पंखा थांबला की गरम हवा वर जाते, खाली गारवा राहतो. थर्मोस्टॅटला मात्र त्याच्या सेन्सरपुरतेच कळते. थोडा वेळ गारवा अंडे सोसते, पण तापमान ४० अंशांवर जाऊन टिकले की आतला जीव वाचणे कठीण.

आता जोडणी कशी करायची ते बघा. पंख्याच्या लेबलावर १२ व्होल्ट डीसी लिहिलेले आहे याची आधी खात्री करा. तीन तारांच्या बहुतेक पंख्यांत काळी तार उणे, लाल अधिक आणि पिवळी वेग सांगणारी असते. पिवळीला टेप लावून सोडून द्या. चार तारांच्या पंख्यात रंग बदलतात, तेव्हा मीटरवाल्या कारागिराकडून तपासून घ्या.

पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट पुरतात. थेट १२ व्होल्ट दिले तर तो लगेच जळतो. म्हणून त्याच्या लांब पायाला १ किलोओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर जोडा. त्यावर तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असतात. रेझिस्टरचे दुसरे टोक पंख्याच्या अधिक तारेला आणि एलईडीचा आखूड पाय उणे तारेला सोल्डर करून टेप लावा. एलईडी चौकटीच्या कोपऱ्यात पक्का बसवा. तार पात्यांना लागता कामा नये. बल्बच्या २३० व्होल्टच्या तारांना हात घालू नका, ते काम वायरमनचे.

आता खरा उपाय, आणि तो फुकटचा आहे. पंखा उभा बसवा. ज्या बाजूने वारा बाहेर पडतो, तिकडे जाळी लावून तिच्या बाहेरच्या अंगाला बोटभर लोकरीचा धागा बांधा. एलईडीचा उजेड त्या धाग्यावर पडेल असा ठेवा. धागा फडफडतोय तोवर पंखा चालू. धागा लोंबला की उठा. पेटीला काचेची छोटी खिडकी असली की झाकण न उघडता हे दिसते.

प्रत्येक खेप निघाल्यावर वीज बंद करून पंखा मऊ ब्रशने साफ करा. नवी अंडी ठेवण्याआधी पेटी एक दिवस रिकामी चालवा. रात्री निजण्याआधी दिव्याकडे नको, धाग्याकडे बघा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. कार्यालयातल्या बंद संगणकाचा पंखा कुणी मागितला तर तसाच काढून देऊ नका. निर्लेखन झाल्याशिवाय त्या वस्तूला हात लावता येत नाही. दुरुस्तीच्या दुकानात जुने पंखे थोडक्यात मिळतात.

ताईंनी पुन्हा अंडी घातली आहेत. पेटीत या वेळी लाल लोकरीचा धागा आहे. तो त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला, माझ्यावर सोडला नाही. ते बरेच झाले.