बंद पोकलेनच्या पोटातला दाब

मुरमाच्या खाणीवर जेवणाची सुट्टी झाली आहे. पोकलेनचं इंजिन बंद, किल्ली ऑपरेटरच्या खिशात, बकेट मात्र अधांतरी. हे काही टन लोखंड हवेत धरलंय कोणी? बूमच्या सिलिंडरमधल्या तेलाने, आणि तेही इंजिनाच्या मदतीशिवाय.

बंदिस्त द्रवावर कुठेही दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल यांनी ओळखलं. जोसेफ ब्रामा यांनी 1795 मध्ये इंग्लंडमध्ये त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. आजचं वीस टनी पोकलेन त्याच घराण्यातलं. त्याचा पंप तेलाला साधारण 350 बारपर्यंत दाबतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, म्हणजे हा दाब जवळजवळ दीडशेपट. बारा सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर त्याचं 40 टन बळ होतं!

यातली खरी गंमत पुढे आहे. तेल इतकं दाबूनही जेमतेम दोन टक्के आकसतं, म्हणून त्याची स्वतःची साठवण थोडी. पाठीमागून रेटणारं काही नसेल, तर चार थेंब गळले तरी दाब उतरतो. पण अधांतरी बकेट रेटत राहते, रात्रभरसुद्धा. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये नायट्रोजन भरलेला छोटा अक्युम्युलेटर असतो. त्याच्या जोरावर इंजिन बंद असतानाही लिव्हर हलवून बूम खाली घेता येतो. संकटात सोय म्हणून ठेवलेली ही शक्ती बेसावध हेल्परच्या मुळावर येऊ शकते.

म्हणून जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी बकेट जमिनीवर टेकवायला लावतो. मग इंजिन बंद, किल्ली पुन्हा ‘ऑन’वर, सगळे लिव्हर चहूबाजूंनी हलवायचे, टाकीच्या झाकणातून हवा सावकाश सोडायची आणि शेवटी किल्ली काढून स्वतःच्या खिशात. दोन-चार मिनिटांचं काम, पण घाईत नेमकं हेच राहतं.

होसला केसाएवढं छिद्र पडलं तर? 350 बारखाली तेलाची धार, घर्षण सोडून हिशेब केला तर, सेकंदाला 280 मीटर वेगाने सुटते. म्हणजे ताशी हजार किलोमीटर, प्रवासी जेट विमानापेक्षा जास्त. डोळ्यांना दिसतं ते फार तर धुकं. गळती शोधायला माणूस सवयीने होसवरून हात फिरवतो आणि तिथेच घात होतो, कारण कातडी भेदायला सात बारही पुरतात. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा किंवा फळीचा तुकडा लांबून फिरवून, डोळ्यांवर गॉगल लावून.

रेडिएटरची तऱ्हा वेगळी. झाकणाने आतला दाब बाहेरच्यापेक्षा एक बारने वाढवला की पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच उत्कलनबिंदू पुन्हा शंभरावर येतो आणि वरचे वीस अंश पाण्याचा काही भाग क्षणात वाफ करून टाकतात. वीस लिटरमधलं जेमतेम पाऊण लिटर पाणी, पण त्याची वाफ होते हजार लिटरच्या वर: गच्चीवरची सिन्टेक्सची टाकी भरेल इतकी. झाकण उघडणाऱ्याचं तोंड नेमकं त्याच वाटेवर असतं.

चेन ताणणाऱ्या सिलिंडरमध्ये तर साधं ग्रीसच असतं, पण तेही प्रचंड दाबाखाली. चेन सैल करताना त्याचा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि त्याच्या समोर उभं राहू नये. व्हॉल्व्ह उडाला तर तो गोळीसारखाच लागतो.

या सगळ्यांत फसवी जखम तेलाच्या धारेची. बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, रक्त नाममात्र, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र तेल पसरत जाऊन मांस मरू लागतं आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. तेव्हा हळद लावून पुन्हा कामाला लागू नका. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा आणि तेल कुठलं होतं, दाब किती होता, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.