खांद्याची शीर तुटली, तर दुखणे अंगावर काढू नका



कापसाचे बोजे, सोयाबीनची पोती आणि पाठीवरचा फवारणी पंप, हे अल्लीपूर-हिंगणघाट भागातले वर्षभराचे काम. सारा भार खांद्यावर. बंडीवरून पडलात किंवा पोते उचलताना खांद्यात कळ गेली आणि तेव्हापासून हात वर जात नाही, तर नुसती मालिश करून वाट पाहू नका.

खांद्याच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात. ते हाडाला ज्या पट्ट्यांनी बांधलेले असतात, त्यांना आपण शिरा म्हणतो. डॉक्टर 'रोटेटर कफ' म्हणतात. साध्या एक्स-रेमध्ये ही फाटलेली शीर दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करावा लागतो.

आता म्हणाल, घाई कशाला? दोर नुकताच तुटला तर गाठ बसते. कुजलेल्या दोराला गाठ धरत नाही. शिरेचेही तसेच. तुटलेली शीर मागे ओढली जाते, स्नायू वाळतो आणि त्यात चरबी भरते. मग टाके टिकत नाहीत. म्हणून पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, तर काही दिवसांतच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतेच असे नाही, बरं का! उतारवयात शीर हळूहळू झिजून फाटली असेल, तर आधी व्यायाम आणि औषधे करून पाहतात. त्याने भागले नाही तर पुढील उपाय आहेत:

१. शीर शिवणे : लहान छिद्रांतून दुर्बीण घालून शीर पुन्हा हाडाला बांधतात. पूर्ण जुळत नसेल, तर जमेल तेवढी शिवतात.

२. दुसरा स्नायू जोडणे : शीर शिवण्याजोगी राहिली नाही, पण माणूस तरुण व कष्टाचा आहे, तर पाठीचा एखादा स्नायू खांद्याला जोडतात.

३. उलटा कृत्रिम सांधा : वय झालेले, सांधाही झिजलेला, अशांसाठी. यात गोळा खोबणीच्या जागी आणि वाटी दंडाच्या हाडावर बसवतात. मग दंडाचा वरचा मोठा स्नायू हात उचलतो. फ्रान्सचे डॉ. पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली ही पद्धत पुढे आणली. यानंतर जड ओझे मात्र उचलायचे नाही.

शीर शिवल्यावर हात साधारण ४ ते ६ आठवडे झोळीत ठेवावा लागतो. ताकदीचे व्यायाम सुमारे ३ महिन्यांनी, जड काम बहुधा ६ महिन्यांनी. तेव्हा वखर-डवऱ्याला, पोते उचलायला माणूस आधीच ठरवून ठेवा. घाईने ओझे उचलले, तर शिवलेली शीर पुन्हा उसवते. बिडी आणि खर्रा सोडा, साखर ताब्यात ठेवा. नाहीतर शीर नीट जुळत नाही.

जवळच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी (मेघे) येथील विनोबा भावे रुग्णालयात हाडांच्या विभागात विचारा. खर्चाला सरकारी योजना लागू होते का, तेही तिथेच विचारून घ्या.

पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. खांद्याची वेळ एकदा गेली, की शिवण्याचा उपाय हातचा जातो.