संदेशाचे अस्तित्व लपविण्याची विद्या : अंकीय चित्रांतील गुप्तलेखन

गुप्तता राखण्याचे मार्ग दोन. संदेश सर्वांच्या देखत जावा, पण तो परक्यास वाचता येऊ नये, हा पहिला. आणि संदेश जात आहे याचाच कोणास पत्ता लागू नये, हा दुसरा. पहिल्यास सांकेतिक लेखन म्हणता येईल; वात्स्यायनाने चौसष्ट कलांत गणलेला म्लेच्छितविकल्प याच जातीचा. दुसऱ्यास प्रस्तुत लेखात गुप्तलेखन म्हटले आहे. हिरोडोटसने सांगितलेली हिस्टिअसची कथा हे त्याचे प्राचीन उदाहरण होय. गुलामाचे डोके भादरून त्यावर मजकूर गोंदविला, केस वाढू दिले आणि मग त्यास मायलीटसला धाडले. त्या मजकुरास कुलूप नव्हते; केस हेच काय ते त्याचे संरक्षण.

क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली गुप्त दळणवळणाची गणिती मीमांसा प्रसिद्ध केली, तेव्हा आरंभीच त्यांनी गुप्तलेखनाचा प्रकार बाजूस ठेवला. तो मुख्यतः मानसशास्त्राचा प्रश्न आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. अदृश्य शाई व पोकळ टाचा यांच्या काळास तो अगदी यथार्थ होता, कारण तेथे झगडा होता तो शोधणाऱ्याच्या संशयाशी. अंकीय चित्रे प्रचारात आल्यावर मात्र या प्रश्नाचे स्वरूपच पालटले.

रंगीत चित्रातील प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्रबिंदू, सामान्यतः लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या मात्रांनी दर्शविला जातो. प्रत्येक मात्रा ० ते २५५ यांमधील एक संख्या असून ती आठ बिटांत मावते. १५० ही संख्या द्विमान पद्धतीत १००१०११० अशी लिहितात. तिचा शेवटचा बिट बदलला की १५१ होते, आणि एवढा फरक डोळ्यास कळत नाही. या शेवटच्या बिटांच्या जागी संदेशाचे बिट ओळीने भरावेत, ही सर्वांत सोपी रीत. हजार गुणिले हजार बिंदूंच्या चित्रात अशा ३० लाख जागा, म्हणजे ३,७५,००० बाइट मिळतात. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. तरीही सव्वा लाख चिन्हांचा मराठी मजकूर, म्हणजे एक छोटे पुस्तकच, एका चित्रात दडविता येते.

वरवर पाहता ही रीत निर्दोष वाटते. तिची परीक्षा कोणत्या निकषावर करावी, हे गुस्टाव्हस सिमन्स यांनी १९८३ साली मांडलेल्या दोन कैद्यांच्या प्रश्नावरून स्पष्ट होते. कैदी पळून जाण्याचा बेत आखीत आहेत. त्यांची पत्रे तुरुंगाधिकाऱ्याच्या हातून जातात. पत्र सांकेतिक दिसले की पत्रव्यवहारच बंद. अधिकाऱ्यास मजकूर उलगडण्याची गरज नाही. ‘येथे काहीतरी आहे’ एवढे कळले की कैद्यांचा बेत फसला.

आणि एवढे कळणे कठीण नाही, हे आंड्रेआस वेस्टफेल्ड व आंड्रेआस फिट्समन यांनी १९९९ साली दाखवून दिले. शेवटचा बिट बदलल्याने १५० चे १५१ होते, १५१ चे १५० होते. पण १५० चे १४९ कधीच होत नाही. म्हणजे संख्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. समजा, मूळ चित्रात १५० ही मात्रा ९०० वेळा व १५१ ही ७०० वेळा आली आहे. संदेश आधी सांकेतिक केलेला असल्यास त्यातील शून्ये व एक जवळजवळ समसमान असतात; त्यामुळे सर्व जागा भरल्यावर दोहोंची संख्या ८०० च्या आसपास येते. नैसर्गिक चित्रात अशी समता प्रत्येक जोडीत आढळत नाही. पदव्युत्तर वर्गात शिकविली जाणारी काय-वर्ग कसोटी लावली की चोरी उघड होते. डोळ्यास न दिसणारे ते गणनेस दिसले! संदेश दडला तो नजरेपासून. बारंबारतेपासून तो दडला नाही.

यावर उपाय निघाले. जेपीईजी प्रकारच्या चित्रांत बिंदूंच्या मात्रांऐवजी आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकटींचे वारंवारता-गुणक साठविलेले असतात. वेस्टफेल्ड यांच्या २००१ च्या ‘एफ-५’ या रीतीत गुणकाचा शेवटचा बिट न पालटता त्याचे निरपेक्ष मूल्य एकाने कमी करतात. साहजिकच जोड्या समान होत नाहीत. परंतु पुढच्याच वर्षी जेसिका फ्रिड्रिख व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीही रीत उघडी पाडली. त्यांची युक्ती मोठी मार्मिक आहे. संशयित चित्र उलगडून त्याच्या कडेच्या चार स्तंभांइतका भाग कापावयाचा आणि ते पुन्हा जेपीईजीत बसवावयाचे. चौकटींचे जाळे सरकते, दडविण्याच्या क्रियेचा ठसा पुसट होतो आणि मूळ चित्रातील गुणकांची वाटणी कशी असावी याचा चांगला अंदाज मिळतो. हाती नसलेल्या मूळ चित्राशी तुलना करण्याची सोय अशा रीतीने खुद्द संशयितानेच करून दिली!

तेव्हा खरा प्रश्न किती मजकूर मावतो हा नसून किती मजकूर सुरक्षितपणे मावतो हा आहे. अँड्र्यू केर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रयोगांनी पुष्ट केलेला वर्गमूळ-नियम येथे उद्बोधक ठरतो. प्रचलित रीतींत सुरक्षित संदेशाची लांबी चित्राच्या आकाराच्या नव्हे, तर त्या आकाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. चित्र चौपट केले तरी संदेश दुप्पटच. वर सांगितलेले सव्वा लाख चिन्हांचे पुस्तक त्यामुळे केवळ कागदावरच राहते. शिवाय फोनवरील संदेशसेवा चित्र पाठविताना ते बहुधा पुन्हा संक्षेपित करतात, आणि शेवटच्या बिटांत ठेवलेला मजकूर त्यात नष्ट होतो, ही अडचण निराळीच.

इतके सर्व असूनही या विद्येचा सर्वांत गाजलेला प्रत्यक्ष वापर गणिताने उघडकीस आला नाही. २०१० साली अमेरिकेत रशियाच्या दहा हस्तकांना अटक झाली. सार्वजनिक संकेतस्थळांवरील साध्या चित्रांत मजकूर दडवून ते मॉस्कोशी संपर्क ठेवीत, असे फिर्यादीत नमूद आहे. तपास-अधिकाऱ्यांनी २००५ साली न्यू जर्सीतील एका घराची गुप्तपणे झडती घेतली होती, तेव्हा त्यांना परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या तबकड्या आढळल्या आणि जवळच एक कागदाचा तुकडा मिळाला. त्यावर कळफलकाच्या तीन कळांची नावे व २७ अक्षरांची एक मालिका लिहिलेली होती. तीच परवल वापरून तबकडी उघडली गेली, तीत गुप्तलेखनाचा संगणक-कार्यक्रम सापडला आणि मग चित्रांतून वाचता येण्याजोगा मजकूर बाहेर येऊ लागला.