शुभ्र शिफॉनची महाराणी

मालेगाव तालुक्यातील कवळाणे हे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे जन्मगाव. त्यांची कन्या इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. १९२२ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यांना वैधव्य आले. बंगालकडे शुभ्र वस्त्र म्हणजे विधवेच्या विरक्तीची खूण. महाराणींनी मात्र फ्रान्सची तलम पांढरी शिफॉन साडी नेसून अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहिला. पुढे तीच साडी अभिजात अभिरुचीची ओळख ठरली.

इटलीच्या फेरागामोंकडे त्यांनी शंभर जोड पादत्राणे मागविली. त्यांवर जडविण्यास स्वतःचे हिरे-मोती पाठविले. अपरिग्रहाच्या तराजूत हा संग्रह जडच भरेल. अनुकरणीय आहे तो त्यांचा निर्धार. आपल्या घरातील विधवा सुनेला मंगलप्रसंगी पुढच्या पंक्तीत सन्मानाने बसविणे, हाच त्या शुभ्र साडीचा खरा गौरव.