डांबरी रस्त्याचा सीलकोट : स्वस्त कधी, महाग कधी

"रस्ता तर चांगला आहे, त्याच्यावर आणखी डांबर कायले ओतता? आधी आमचे खड्डे बुजवा." आमगाव असो, देवरी असो की अर्जुनी मोरगाव, गोंदिया जिल्ह्यात रस्त्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याचा संताप खरा असतो, कारण खड्ड्यांतून रोज त्यालाच जायचे असते. पण रस्त्याच्या जमाखर्चात यापेक्षा महागडा गैरसमज दुसरा नाही. डांबरी रस्त्यावरचा संरक्षक थर, म्हणजे आपण ज्याला सीलकोट म्हणतो तो, रस्ता चांगला दिसत असतानाच द्यायचा असतो. खड्डे पडल्यावर दिला तर तो पैसा पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातो.

असे का, हे समजायला डांबर म्हातारे कसे होते ते पाहू. नवे डांबर काळेभोर, चिकट आणि किंचित लवचीक असते. ऊन आणि हवेतला प्राणवायू त्याचे तेलकट घटक हळूहळू कमी करतात, ते कडक आणि ठिसूळ होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि काळा रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. चार-पाच उन्हाळ्यांत रस्ता राखाडी दिसू लागतो, वरची बारीक गिट्टी सुटून कडेला जमते, केसासारख्या भेगा उमटतात. मग पावसाळा येतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1200 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि धानाच्या बांध्यांमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना महिनोन् महिने पाणी उभे असते. खाली कन्हार किंवा मोरंड जमीन असेल तर ती पाणी पिऊन मऊ पडते. भेगेतून वरचे आणि कडेतून बाजूचे पाणी शिरले, वरून धानाचा ट्रक गेला, की पाया दबतो आणि वरचा डांबरी थर तुटतो. आपल्याला खड्डा दिसतो तेव्हा पाया आधीच बिघडलेला असतो.

सीलकोटचे काम एवढेच, की पाणी आणि हवा आत जाऊ न देणे. त्याने रस्त्याची ताकद वाढत नाही. "सीलकोट टाकला तरी रस्ता खचला" ही तक्रार म्हणूनच चुकीच्या जागी केली जाते. खचणाऱ्या रस्त्याला सीलकोट हा उपायच नव्हे.

आता खर्चाचे बघू. दर चौरस मीटरचा भाव ऐकून लोक चक्रावतात, म्हणून हिशोब डांबराच्या वजनात मांडतो. भाव बदलले तरी हे प्रमाण फारसे बदलत नाही. गावाला जोडणारा साधा एकपदरी रस्ता 3.75 मीटर रुंद असतो. त्याचा एक किलोमीटर म्हणजे 3,750 चौरस मीटर. देशभर वापरल्या जाणाऱ्या मानक विनिर्देशांप्रमाणे बारीक चुरी डांबरात घोळून पसरलेल्या सीलकोटला चौरस मीटरला 0.68 किलो डांबर लागते, म्हणजे किलोमीटरला सुमारे अडीच टन. डांबर फवारून वर बारीक खडी दाबायच्या प्रकाराला 0.98 किलो, म्हणजे पावणेचार टनांच्या आत. रस्ता आणखी झिजू दिला आणि 20 मिलिमीटरचे कारपेट टाकावे लागले, तर एकट्या कारपेटला साडेपाच टन लागतात, आणि ते सच्छिद्र असल्याने त्यावर सीलकोट पुन्हा द्यावाच लागतो. एकूण आठ टन झाले. त्याहून उशीर झाला, खाली 50 मिलिमीटरचा बिटुमिनस मॅकॅडमचा थर द्यायची वेळ आली, तर आणखी 13-14 टन. अडीचचे बावीस होतात ते असे.

हिशोबापुरता डांबराचा भाव टनाला 50 हजार रुपये धरला, तर एका किलोमीटरच्या सीलकोटचे डांबर सव्वा लाखाचे आणि तोच रस्ता वाया गेल्यावरचे डांबर अकरा लाखांचे. गिट्टी, रोलर, मजुरी, वाहतूक वेगळी, आणि पायाच खोदून काढायचा असेल तर ते आणखी वेगळे. डांबराचा भाव खनिज तेलाबरोबर वरखाली होतो, तेल कंपन्या तो महिन्यातून दोनदा बदलतात. म्हणजे पुढे ढकललेले काम भाव चढल्यावर करण्याची जोखीमही आपणच घेतो.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. जागतिक बँकेने 1988 मध्ये विकसनशील देशांतल्या रस्त्यांच्या ऱ्हासावर अहवाल काढला. त्यात 85 देशांचा हिशोब होता: आधीच्या दोन दशकांत वेळेवर 12 अब्ज डॉलर देखभालीवर घातले असते, तर पुनर्बांधणीचे 40 ते 45 अब्ज डॉलर वाचले असते. आज जवळपास चार दशकांनंतरही आपल्या पंचायत समितीत चर्चा खड्ड्यांवरच सुरू होते आणि तिथेच संपते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग खड्ड्यांचे रस्ते तसेच सोडायचे का? मुळीच नाही. तिथे खड्डे चौकोनी कापून, साफ करून, नीट भरून माणसांचे हातपाय सुरक्षित ठेवायचे आणि तो रस्ता मोठ्या दुरुस्तीच्या यादीत घालायचा. पण सगळा निधी तिकडे वळवून चांगले रस्ते वाऱ्यावर सोडले, तर पाच वर्षांनी यादीत नवे खराब रस्ते येतात आणि जुन्यांचे काम अर्धेच झालेले असते.

दुसरा समज असा, की सीलकोट म्हणजे ठेकेदाराने काळे फासून बिल काढणे. याला आधार आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. जाळीसारख्या, मगरीच्या पाठीवरच्या खवल्यांसारख्या भेगा पडलेल्या रस्त्यावर सीलकोट मारला, तर ते खरोखरच काळे फासणे आहे. त्यामुळे काम अंदाजपत्रकात येण्याआधी रस्ता कोणत्या अवस्थेत आहे हे पाहायला हवे. त्यासाठी यंत्र लागत नाही. पाऊस थांबून ऊन पडल्यावर अर्ध्या तासाने रस्त्यावरून चालत जा. पृष्ठभाग वाळलेला असतो, भेगा मात्र ओल्या रेषांसारख्या उठून दिसतात. सुट्या, बारीक, एकमेकींपासून दूर असलेल्या रेषा असतील तर सीलकोटची वेळ आहे. रेषांची जाळी झाली असेल, ट्रकच्या चाकाच्या वाटेवर घळ पडली असेल, तर वेळ निघून गेलेली आहे.

कमी दराची निविदा म्हणजे बचत, हेही पूर्ण खरे नाही. सीलकोटच्या यशाचा मोठा भाग डांबर पडण्याआधीच ठरतो. रस्त्यावरचा चिखल, शेण आणि धूळ घासून काढणे, भेगा भरणे, छोटे खड्डे आधी बुजवणे, साईडपट्टीचा मुरूम दाबून उतार देणे, मोरी मोकळी करणे ही ती कामे. अंदाजपत्रकात ही कामे आहेत का, हे विचारायला गावकऱ्यांना कोणी अडवत नाही. साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच राहिली तर पाणी रस्त्यावरच थांबते, आणि बांधी वाढवायला कोणी कड कोरून नेली तर रस्त्याचा आधारच जातो. चिखलणीच्या दिवसांत लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून नेला, तर नवा सीलकोटही एका फेरीत खरवडून निघतो. हे नुकसान आपणच करतो.

डांबर जास्त तितका रस्ता पक्का, असेही मानतात. प्रमाणाबाहेरचे डांबर उन्हाळ्यात वर येते, रस्ता चकचकीत होतो आणि पहिल्या सरीत दुचाकी घसरतात. गडद काळा, तुकतुकीत रस्ता दिसला की खूश होण्याचे कारण नाही. चांगल्या सीलकोटचा पोत हाताला खरखरीत लागतो.

काही ठिकाणी लोक काम थांबवतात, कारण टँकरमधून तपकिरी, पातळ द्रव पडताना दिसतो आणि "पाणी मिसळले" अशी ओरड होते. ते इमल्शन असते. त्यात पाणी असतेच, बारीक डांबरकण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी सुटून उडाले की चॉकलेटी रंग काळा होतो. शंका असेल तर भेसळीचा आरोप करण्यापेक्षा प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मागावा. मायक्रोसरफेसिंग हा संरक्षक थराचा आणखी एक प्रकारही अशाच इमल्शनवर चालतो. त्याचा थर फक्त 4 ते 8 मिलिमीटरचा असतो आणि साधारण दोन तासांत वाहतूक सुरू करता येते. मात्र त्याला खास यंत्र लागते, एकट्यादुकट्या दोन किलोमीटरसाठी ते आणणे परवडत नाही. तालुक्यातले पाच-सहा रस्ते एका निविदेत घेतले तर परवडू शकते.

वेळेचेही असेच. पावसाआधी उरकावे म्हणून जूनच्या ढगांखाली घाईत टाकलेला सीलकोट टिकत नाही. ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही, विनिर्देशही तसे करू देत नाहीत. आपल्याकडे पावसाळा उतरून रस्ता नीट वाळल्यापासून मेपर्यंतचा काळ योग्य. अडचण एकच, नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची वाहतूक जोरात असते. काम करताना एक बाजू बंद ठेवायची तयारी गावाने दाखवायला हवी.

धानाच्या गाड्यांवरून आणखी एक गोष्ट. 1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या रस्त्यांच्या चाचणीतून निष्पन्न झाले, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते. भारतात 2018 मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली गेली, त्याच नियमाने हे नुकसान दीडपटीहून जास्त भरते. त्याच्याही वर लादलेल्या गाडीपुढे कोणताही सीलकोट टिकणार नाही. राईस मिलच्या आवारात तर भरलेले ट्रक उभेच असतात आणि डिझेल-ऑइल ठिबकते. डिझेल डांबर विरघळवते, तेलकट डागांवर सीलकोट धरत नाही. तेवढा भाग कापून नवा करावा किंवा तिथे काँक्रीट घालावे.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांवर पाच वर्षांची देखभाल बांधकामाच्या करारातच ठेकेदाराकडे असते. रस्त्याच्या सुरुवातीला लावलेल्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची रक्कम लिहिलेली असते. आपल्या गावचा फलक वाचा. पाच वर्षे संपत आली असतील तर रस्ता धड असतानाच ग्रामसभेत सीलकोटचा ठराव मांडा, आणि त्याच ठरावात भेगा, साईडपट्टी व मोरीचे काम लिहून घ्या.