निशाण आणि सात डॉलर

निशाण हे काही शस्त्र नव्हे. त्याने शत्रू मरत नाही. बहुधा ते धरणाराच आधी मरतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या लढाईत तोफा-बंदुकांचा धूर इतका दाटे, की आपली पलटण कुठे आहे हे शिपायाला निशाणावरूनच कळे. शत्रूही नेमका त्यावरच नेम धरी.

१८ जुलै १८६३ची संध्याकाळ. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले. दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी, मॉरिस बेटावर फोर्ट वॅग्नर हा वाळूच्या तटांचा किल्ला होता. त्यावर सर्वांत पुढे चालून गेली ५४ वी मॅसॅच्युसेट्स पलटण. शिपाई कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी गोरे. ‘हे लोक लढतील का?’ असा प्रश्न तेव्हा उत्तरेतही उघड विचारला जाई.

सार्जंट विल्यम कार्नी त्यांच्यातलाच. १८४० साली व्हर्जिनियातल्या नॉरफॉकला गुलामगिरीत जन्मलेला. मनात धर्मोपदेशक व्हायचे होते; पण आधी आपल्या बांधवांची सुटका, असे म्हणून तो सैन्यात आला. निशाणदार कोसळला तसे कार्नीने निशाण झेलले आणि तटाच्या उतारावर नेऊन रोवले. कर्नल शॉ तटावरच पडला. सहाशेच्या आसपास माणसांपैकी अडीचशेहून अधिक मेले, जखमी झाले, हाती लागले. माघारीत कार्नीला पुन्हा पुन्हा गोळ्या लागल्या. दुसऱ्या पलटणीच्या एका शिपायाने निशाण घेऊ का म्हणून विचारले, तर त्याने दिले नाही. रांगत, लंगडत तो आपल्यांत पोहोचला आणि एवढेच म्हणाला, की निशाण जमिनीला टेकू दिले नाही.

किल्ला त्या दिवशी पडला नाही.

मला मात्र या पलटणीचे दुसरे धैर्य अधिक मोठे वाटते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून ७. त्यांनी तो पगारच नाकारला. उरलेली रक्कम राज्य भरून देते म्हणाले, तरी नाही. घरी बायकापोरे हलाखीत, आणि हे दीड वर्ष बिनपगारी लढत राहिले. समान वेतनाचा कायदा १८६४ साली झाला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्या लोकांत मी कार्नीलाही धरतो.

‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च पदक त्याला मिळाले २३ मे १९०० रोजी, जवळजवळ ३७ वर्षांनी. तेव्हा तो न्यू बेडफोर्ड गावात घरोघर टपाल वाटत होता.