लेखन-प्रवाह मिटण्याची रीत

लिहितां लिहितां दौत लवंडली तर कागद खराब होतो, आणि तें लगेच दिसतें; परंतु लिहिणारा मध्येंच उठून गेला तर कागद स्वच्छ दिसूनहि खोटा ठरतो. सर्व्हरवरील प्रोग्रॅमांत हा दुसरा प्रकार फार घडतो.

रायन डाल यांनीं २००९ सालीं पुढें आणलेल्या नोड जेएस या साधनाचें उदाहरण घ्यावें. ‘राइट’ ही आज्ञा दिली कीं मजकूर तत्काळ फाइलींत उतरला, असा नवशिक्यांचा समज असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. मजकूर प्रथम स्मृतींतील राखीव जागेंत, म्हणजे बफरमध्यें, थांबतो व तेथून क्रमाक्रमानें पुढें सरकतो. पत्र टपालपेटींत पडलें म्हणजे पोंचलें असें नव्हे.

समजा, प्रोग्रॅम उत्तीर्ण विद्यार्थ्यांची यादी लिहीत आहे. शेवटची ओळ देऊन लगेच ‘प्रोसेस एक्झिट’ म्हटलें, तर बफरांत राहिलेलीं नांवें नाहींशीं होतात. कसलीहि सूचना मिळत नाहीं. ज्याचें नांव गळलें तो बिचारा मुलगा मात्र नापास समजला जातो! ‘डिस्ट्रॉय’चाहि परिणाम असाच होऊं शकतो; ती आज्ञा संकटप्रसंगींची, नित्याची नव्हे.

सर्व मजकूर देऊन झाल्यावर ‘एंड’ म्हणावें. त्यानंतर नवा मजकूर दिल्यास चूक उद्भवते. आंत तुंबलेला मजकूर बाहेर पडला कीं ‘फिनिश’ अशी वर्दी येते, आणि फाइल मिटली कीं ‘क्लोज’ अशी. पण ‘क्लोज’ चुकीनंतरहि येते. म्हणून आधीं ‘फिनिश’ येऊन गेली ना, हें पाहावें. ‘एरर’ची वर्दी घेणारें कोणी ठेवलें नसेल, तर सामान्यतः सगळा प्रोग्रॅमच कोसळतो.

एका प्रवाहांतून दुसऱ्यांत मजकूर वळविणारी जुनी ‘पाइप’ योजना येथें अपुरी पडते. वाचणारा प्रवाह मध्येंच चुकला तर लिहिणारा उघडाच राहतो. आणि अशा उघड्या फाइली सांचत गेल्या कीं एके दिवशीं नवी फाइल उघडेनाशी होते. २०१८ मधील दहाव्या आवृत्तींत आलेली ‘पाइपलाइन’ चूक होतांच दोन्ही प्रवाह मिटविते. तरी अर्धवट फाइल डिस्कवर राहतेच. म्हणून जाणता प्रोग्रॅमर प्रथम तात्पुरत्या नांवानें लिहितो व काम निर्विघ्न पुरें झाल्यावरच फाइलीला खरें नांव देतो. वीज जाण्याचें भय असेल तर त्यापूर्वीं ‘एफसिंक’हि करतो, कारण ‘फिनिश’चा अर्थ मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवालीं झाला, एवढाच आहे.